जेवाची बाई

संपादकसाहेबांनी मला लेख मागितला तो 'ध्वनिक्षेत्रातील आपली प्रदीर्घ वाटचाल' या विषयावर. पत्र वाचून मी आधी मागे वळून पाहिलं, म्हटलं पोस्टमन दुसऱ्या कोणाचं टपाल देऊन गेला की काय. उभ्या आयुष्यात मला कोणी ध्वनिक्षेत्रातला म्हटलेलं नाही. मलकापूर-नांदुरा भागात मी 'भोंगेवाला काशिनाथ' होतो, आणि भोंगा वेळेवर सुरू झाला नाही तर 'थो भोंग्या कुठी मेला बे' एवढाच होतो. वाटचाल म्हणाल तर ती बहुतेक बैलगाडीतून झाली, मांडीवर बॅटरी घेऊन. बॅटरीतलं तेजाब गचक्यागणिक सांडायचं, त्यामुळे माझ्या एकाही पँटीची मांडी धड नव्हती.

तेव्हा वाटचाल राहू द्या. मी एका गायिकेबद्दल लिहितो. विलायतची गायिका, नोरा फेन्टन. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, तिकडेही कोणी ऐकलेलं नाही. पण एक काळ असा होता, की आमच्या तालुक्यात तिनं गायल्याशिवाय लग्नात कोणी घास तोंडात घालत नव्हतं. एवढा मान मोठमोठ्या गवयांना मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आजच्या पोरांना भोंगा म्हणजे काय हेही सांगावं लागतं. महाराष्ट्र राज्य नवीन नवीन झालं तेव्हाची गोष्ट. राज्य नवीन, मंत्री नवीन, माझा एम्प्लिफायर मात्र जुन्या बाजारातून आणलेला. गावांत वीज नव्हती. मोटारीच्या दोन बॅटऱ्या, एक एम्प्लिफायर, एक तबकडी फिरवायचं मशीन, एक माईक आणि पत्र्याचा लांब तोंडाचा भोंगा, असा माझा संसार. भोंगा गावातल्या उंच लिंबावर बांधायचा आणि खाली बाजेवर मशीन मांडून बसायचं. गाणं चांगलं की वाईट हा प्रश्नच नसे, किती लांब ऐकू गेलं एवढंच विचारत. शेजारच्या गावातून कोणी येऊन म्हणालं, 'ऐकू आलं हो', की लग्नघरची कॉलर ताठ.

गिऱ्हाईकंही नमुनेदार. धाड गावच्या एका गृहस्थाचं चुलतभावाशी विहिरीवरून वाकडं होतं. त्यानं मुलीच्या लग्नात मला एवढंच बजावलं, की भोंग्याचं तोंड चुलतभावाच्या दाराकडे पाहिजे. पुढच्या महिन्यात चुलतभावाकडे बारसं निघालं. त्यानं मलाच बोलावलं आणि तोंड उलट करायला लावलं. दोघंही माझ्या कामावर बेहद्द खूश होते, त्या दोन घरांचं एकमत झालेलं तेवढंच.

आता फेन्टन मॅडम. मलकापूर स्टेशनामागे एका कौलारू घरात ही बाई राहायची. नवरा रेल्वेत गार्ड होता, अस्सल विलायती. तो इथेच वारला आणि त्याला इथेच पुरलं. त्यांच्यातले बाकीचे सगळे गाठोडी बांधून विलायतेला गेले. मॅडम गेली नाही. का गेली नाही विचारलं तर म्हणायची, 'हमारा साहब इधर है, और हमारा मुर्गी भी इधर है.' कापसाच्या व्यापाऱ्यांच्या पोरांना ती इंग्रजी शिकवायची आणि पायात नेहमी बूट घालायची, अगदी बाजारातून मेथी आणायलासुद्धा. एकुलती एक मुलगी नोरा. ती रेल्वेच्या चाळीतल्या पोरींबरोबर लंगडी खेळत वाढली आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी मावशीबरोबर विलायतेला गेली.

एक दिवस मॅडम माझ्या दुकानात आली. हातात लहानशी तबकडी, पदरात बांधावी तशी रुमालात गुंडाळलेली. म्हणाली, 'काशिनाथ, देखो, हमारा नोरा का रेकॉर्ड निकला. पर घर में बजाया तो चूहा का माफिक आवाज आता है.'

मी हसलो नाही, धंद्याचा प्रश्न होता. मॅडमचा बाजा म्हणजे हँडल मारून चालवायचा ग्रामोफोन, जुन्या मोठ्या तबकड्यांसाठी केलेला. तो फिरायचा भरधाव. ही नवीन तबकडी सावकाश फिरवायची असते. शिवाय जुन्या बाजाची सुई म्हणजे खिळाच. मॅडमनं सुरुवातीचा भाग तीन-चारदा लावून पाहिला होता, तेवढ्या भागावर नांगर फिरल्यासारख्या रेघा उठल्या होत्या. माझ्या मशीनला वेग बदलायची कळ होती. मी कळ सरकवली आणि सुई ठेवली.

नोराचा आवाज काही कोकिळेचा नव्हता, खोटं कशाला सांगू. थोडा जाडसर, शेजारीण दारात उभी राहून बोलते तसा. पण मॅडमचा चेहरा पाहून मी आवाज थोडा वाढवला. एक कडवं झालं आणि दुकानात कापसाचे दलाल आले, म्हणून मी सुई उचलली. मॅडम म्हणाली, 'ये तुम रखो. हमारे घर में कौन सुनेगा, मुर्गी? जहाँ आदमी लोग होगा वहाँ बजाव.'

हो म्हणून बसलो. पुढच्याच लग्नात हळदीच्या वेळी लावलं, तर चारी बाजूंनी ओरडा. 'बंद कर बे! थे बाई काऊन रडून राह्यली?' दुसऱ्या लग्नात वरातीच्या वेळी लावलं, तर नवरदेवाचा घोडा बिचकला. मग मी डोकं चालवलं. लग्नात एक वेळ अशी असते, की भोंग्यावर काय लागलंय याकडे कोणाचंही लक्ष नसतं. ती म्हणजे पंगत बसायची वेळ. मॅडमला दिलेला शब्दही राहील आणि शिव्याही बसणार नाहीत, म्हणून मी आचाऱ्यानं हात वर करायची वाट पाहू लागलो आणि त्याचा हात वर झाला की नोराबाईंना सोडू लागलो.

यातून काय होईल याची मला कल्पना नव्हती, पण झालं ते झकास. आमच्याकडे लग्नात जेवायला बोलावणं म्हणजे मोठी जोखीम. न बोलावता बसावं तर हावरट ठरतो. बोलवायला गेलेला माणूस मुलीकडचा असला तर मुलाकडचे व्याह्यावर रुसून म्हणणार, 'याहीबुवा स्वतः काऊन नाही आले?' मी माईकवरून 'वरपक्षाच्या मंडळींनी' असं आधी म्हटलं, की वधूचा मामा फेटा काढून चिंचेखाली जाऊन बसायचा. त्याची समजूत काढेपर्यंत वरणावर साय धरायची. नोराबाईंचं तसं नव्हतं. ती ना मुलाकडची ना मुलीकडची, ना वरच्या आळीची ना खालच्या आळीची. ती कोणाचं नाव घेत नव्हती आणि ती काय म्हणते हे कोणालाच कळत नव्हतं. अशा बोलावण्यावर रुसायचं कसं? दोन लगीनसराया गेल्या आणि तालुका तयार झाला. पहिली ओळ वाजली, की मांडवातली, ओट्यावरची, लिंबाखालची सगळी माणसं गुडघ्यांवर हात टेकून उठायची. लोक तिला म्हणू लागले 'जेवाची बाई'.

शेवटचा माणूस पत्रावळीवर बसला, की मी सुई उचलायचो. अख्ख्या जिल्ह्यात एकच तबकडी, ती जपायला नको? त्यामुळे पहिलं कडवं शेकडो वेळा वाजलं आणि दुसरं कडवं कोणी ऐकलं नाही. मीही नाही.

मॅडम दर आठवड्याला दुकानावर यायची. 'बजाया? लोग क्या बोला?' मी सांगायचो, 'मॅडम, पहिली ओळ लागली की सारे उभे राह्यतात.' यात एक अक्षर खोटं असेल तर दाखवा. मॅडमनं ते तसंच्या तसं नोराला कळवलं. विलायतेत म्हणे गाणाऱ्यासाठी लोक उभे राहिले तर तो सगळ्यात मोठा मान. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिकडे नोराबाईंच्या कीर्तीची काय गत होती ते मला पुढे तिच्याच तोंडून कळलं, तेही इथेच सांगून टाकतो. बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होती, शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये गायची. कुठल्याशा कंपनीनं ऐकलं आणि रेकॉर्ड काढली, ती आमची जेवाची. ती खपली नाही, कारण म्हणे गाणं फार सावकाश होतं. दुसरी काढली, ती खपली नाही, कारण फार जलद होती. तिसऱ्या वेळी कंपनीच्या हुशार लोकांना वाटलं, दोष चेहऱ्यात आहे. त्यांनी पाकिटावर दुसऱ्याच एका सोनेरी केसांच्या पोरीचा फोटो छापला. लोकांना फोटो आवडला. त्यांनी त्या सोनेरी पोरीलाच गायला बोलावलं, आणि तिनं नोराचं तेच गाणं नाकातून म्हणून नाव काढलं. कंपनीनं नोराला आभाराचा चहा पाजला आणि उरलेल्या तबकड्या वितळवून टाकल्या. मग ही समुद्रकाठच्या एका हॉटेलात गायला लागली. लोक खाली माना घालून मासे खात आणि ही कोपऱ्यात उभी राहून गात असे. गाणं संपलं हे कोणाच्या लक्षात येई, तर वाढप्याच्या.

अशा वेळी तिला आईची आठवण झाली. एका थंडीत मॅडम दुकानात आली, नेहमीपेक्षा ताठ. 'नोरा आता है.'

मी म्हटलं, 'मॅडम, एक सांगाचं होतं. थे लोक उभे राह्यतात ना, थे...'

'खाना के वास्ते उठता है,' मॅडम म्हणाली. 'हमको मालूम है. हम इतना बरस मलकापूर में है, पंगत क्या होता है हमको नहीं मालूम?'

ती बाकावर बसली, त्या दुकानात पहिल्यांदाच बसली असेल. म्हणाली, 'वो गाना छोडने को बोलती है, काशिनाथ. दुकान में फीता बेचेगी बोलती है. हम बोला, पहले इधर आ के देख. एक बार, सिर्फ एक बार, उसको खडा हुआ पब्लिक देखने दो. फिर तुरंत गाडी में डाल के वापस. बैठने का टाइम पे वो उधर नहीं होना.' बोलता बोलता तिनं डोळे पुसले आणि लगेच मलाच रागावली, की दुकानात फार धूळ आहे.

झालं. लग्न ठरलं वडनेर भोलजी गावचं. यजमान बडे शेतकरी, त्यांचं नाव लिहीत नाही कारण त्यांची नातवंडं दिवाळी अंक वाचतात. आपण त्यांना आबासाहेब म्हणू. एका व्यापाऱ्याची जीप मागितली, ती मांडवाबाहेर तोंड रस्त्याकडे करून उभी केली. ड्रायव्हरला बजावलं, इंजिन बंद करू नको.

नोरा आली. तिशीच्या आतली, उंच, चेहऱ्यावर थकवा. मला वाटलं आता इंग्रजीशी झुंजावं लागणार. तर बाई जीपमधून उतरताच म्हणते, 'काशिनाथभाऊ, वळखलं का मले? मी तुमच्या दुकानासमोर लंगडी खेळत होतो.' आमच्याकडे बायासुद्धा 'मी खेळतो, मी जातो' म्हणतात. पुण्याच्या मुद्रितशोधकांनी कृपा करून हे सुधारू नये. विलायतेत इतकी वर्षं काढूनही त्या पोरीची वऱ्हाडी जशीच्या तशी होती, आणि तिथेच आमचा बेत फसायला सुरुवात झाली. कारण आमच्या सगळ्या बेतात एकच गृहीत होतं, की हिला लोकांचं बोलणं कळणार नाही. मॅडमला हे कसं सुचलं नाही, देव जाणे. आईला लेक डोळ्यांपुढे दिसत असली की बाकी काही सुचत नसावं.

अक्षता पडल्या. आचाऱ्यानं हात वर केला. मी सुई ठेवली. लिंबावरून नोराचा आवाज निघाला आणि पाच-सहाशे माणूस एका दमात उभं राहिलं. म्हातारे काठ्या टेकत उठले, बाया कडेवर लेकरं घेऊन उठल्या. मी नोराकडे पाहिलं. तिनं एक हात तोंडावर धरला होता, दुसऱ्या हातानं आईचा दंड. डोळ्यांतून पाणी घळाघळा. मॅडमनं मला मान हलवून खूण केली, आता जीप.

तेवढ्यात आबासाहेब आडवे आले. 'कुठी निंगाल्या मॅडम? विलायतची पाहुणी माह्या मांडवातून उपाशी जाईन? लोक तोंडात शेण घालतीन माह्या!'

मॅडम म्हणाली, 'हमारा पेट ठीक नहीं.' आबासाहेब म्हणाले, 'वरण-भात खा मंग.' मी म्हटलं, 'आबासाहेब, त्यायले गाडी पकडाची हाय.' ते म्हणाले, 'तू तुह्या भोंग्याकडे पाह्य बे.' आणि मायलेकींना हाताला धरून पहिल्या पंगतीत, बरोबर मधोमध नेऊन बसवलं. जीपचं इंजिन बाहेर चालूच होतं.

नोराच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. ती पलीकडच्या सुनेला हाका मारत होती. 'बस वं लवकर! जेवाची बाई कवाची बोंबलून राह्यली, तुले ऐकू येत नाही का?'

नोरानं भोंग्याकडे पाहिलं, समोरच्या पत्रावळीकडे पाहिलं, बुंदीकडे पाहिलं. मग आईकडे. मॅडम द्रोणातल्या वरणात काहीतरी शोधत होती. मी घाईघाईनं सुई उचलली. त्यानं आणखी घोळ झाला. शेवटचा माणूस बसला आणि गाणं तुटलं, हे पोरीनं डोळ्यांनी पाहिलं.

ती उठली. जेवणाऱ्यांच्या ओळीमधून साडी नेसलेल्या बाईसारखा फ्रॉक सावरत माझ्या बाजेपाशी आली. 'काशिनाथभाऊ, हे लोक काऊन उठले होते?'

मी एम्प्लिफायरच्या कळा पुसू लागलो.

'जेवाची बाई म्हंजे मीच ना?'

'हाव,' मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

'इथंच तोडता का रोज?'

'हाव. लोक बसले का उचलतो. घासून जाईन म्हून.'

तिनं बाजेवरचा माईक उचलला. म्हणाली, 'मशीन बंद राहू द्या. आता मी म्हणतो.'

आणि बाईनं सुरुवातीपासून, मोकळ्या गळ्यानं, तेच गाणं सुरू केलं.

आता मांडवाचा हिशेब असा होता, की पहिली पंगत नुकती बसलेली, बुंदी पानावर आणि पोळ्या वाढपाच्या टोपल्यात. दुसरी पंगत, म्हणजे पहिलीत जागा न मिळालेली नवरदेवाकडची निम्मी मंडळी, पुन्हा लिंबाखाली जाऊन आपल्या बोलावण्याची वाट पाहत बसलेली. गाणं वाजलं की पंगत, हे त्यांना पाठ. त्यांनी पहिली ओळ ऐकली आणि सगळे उठून मांडवात घुसले! बसायला जागा नाही, म्हणून ते जेवणाऱ्यांच्या पाठीशी येऊन दाटले. मागचे पुढच्यांना ढकलू लागले. जेवणाऱ्यांनी पत्रावळींवर हात आडवे धरले. कोणी म्हणे, 'अबे, अजून आमाले पोळी नाही वाढली!' कोणी म्हणे, 'मंग बाई काऊन बोंबलली?' आचारी झारा उगारून चुलाणापुढे उभा. वराचा काका एका द्रोणात पाय देऊन बसला तो बसलाच.

आबासाहेब गर्दीतून माझ्यावर ओरडले, 'काशिनाथ, बंद कर बे त्या बाईले!'

बंद कर म्हणे! रेकॉर्ड असती तर सुई उचलली असती. जित्या बाईची सुई कुठून उचलणार? बॅटरीची वायर ओढता आली असती, हे खरं. मी ओढली नाही. आबासाहेबांनी पुढे माझं तोंड पाहिलं नाही, त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात नांदुऱ्याचा भोंगा आणला, पण मी वायर ओढली नाही याचं मला अजून बरं वाटतं. कारण पहिलं कडवं संपलं होतं आणि दुसरं सुरू झालं होतं. ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. पहिल्यापेक्षा ते फार चांगलं होतं.

एवढ्या गोंधळात नोरानं गाणं शेवटपर्यंत म्हटलं. एक टाळी पडली नाही. कशी पडणार, सगळ्यांचे हात पत्रावळींवर. शेवटी दुसऱ्या पंगतीची माणसं दोन ओळींमधल्या चिंचोळ्या जागेत पाठीला पाठ लावून बसली आणि निम्म्यांना वांग्याच्या भाजीचा नुसता रस्सा मिळाला.

नोरा बाजेवर माझ्याशेजारी बसली. मॅडम तिथे आली. इतकी वर्षं मी त्या बाईला ताठ पाहिलं होतं, त्या दिवशी तिच्या खांद्यात जीव नव्हता. म्हणाली, 'नोरा, हम झूठ नहीं लिखा. लोग उठता है, इतनाच लिखा.'

नोरा हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती. म्हणाली, 'मा, गाण्यात म्या काय म्हटलं तुले माहीत हाय ना? उठू नको इतक्यात, बस अजून माह्यापाशी. अन् सारा तालुका उठून राह्यला!' मग माझ्याकडे वळली. 'काशिनाथभाऊ, तिकडे मी गातो तवा लोक जेवत असतात. मान वर करून पाहत नाहीत. अन् इथं मी गायल्याशिवाय कोणी जेवत नाही. सांगा, मोठी जागा कोणती?'

तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मॅडमनं तिच्या केसांतली एक अक्षत काढली आणि म्हणाली, 'फीता नहीं बेचना.' नोरा म्हणाली, 'नाही विकत, मा.' मग दोघी जाऊन वरण-भात जेवल्या. जीपमधलं पेट्रोल तोवर संपलं होतं, आम्ही तिघं संध्याकाळी कापसाच्या गाडीवर बसून मलकापूरला आलो.

नोरा परत गेली आणि त्याच हॉटेलात गात राहिली. कंपन्यांनी पुन्हा बोलावलं नाही, वर्तमानपत्रांनी दोन ओळी लिहिल्या नाहीत. सोनेरी केसांची पोरगी म्हणे बंगल्यात राहते. मी इकडे जेवाची बाई लावत राहिलो.

चार-पाच वर्षांनी मॅडम आजारी पडली. मी भेटायला गेलो, की कोंबड्यांना दाणे टाकायला लावायची. शेवटी एकदा हात धरून म्हणाली, 'काशिनाथ, हमारा टाइम पे वो रेकॉर्ड बजाना. पूरा बजाना. बीच में मत उठाना.'

मॅडम गेली तेव्हा उन्हाळा होता, नोरा येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तार गेली. पाद्रीबाबा भुसावळहून दुपारच्या गाडीनं यायचे होते, त्यांची वाट पाहत लोक मॅडमच्या अंगणात बसले होते. तिनं शिकवलेली पोरं, आता मोठे बाप्ये झालेली, त्यांचे व्यापारी बाप, स्टेशनावरचे हमाल, मेथी विकणारी बाई. बरीच माणसं होती, एवढी येतील असं मला वाटलं नव्हतं. ओट्यावर शवपेटी होती. मी तिच्या पायथ्याशी मशीन मांडलं, भोंगा लावला नाही. सुई ठेवली.

पहिली ओळ खरखरत निघाली आणि सगळं अंगण उठून उभं राहिलं. सवयच ती, गुडघ्यांना काय कळतं? माझ्याजवळच्या एका म्हाताऱ्या हमालानं तर इकडे तिकडे पाहून हळूच विचारलं, 'पंगत कुठी हाय?' मी त्याच्याकडे पाहिलं. तो पेटीकडे पाहून खाली मान घालून उभा राहिला. पहिलं कडवं संपत आलं. माझा हात सुईपाशी गेलेला होता, लोक बसले की उचलायची म्हणून. हातालाही सवय असते. पण कोणी बसेना.

मी हात मागे घेतला. पहिलं कडवं झिजून झिजून पांढरं पडलं होतं, दुसऱ्याला मात्र एक चरा नव्हता. ते असं स्वच्छ निघालं, की नोरा ओट्यावरच उभी आहे. तिनं शिकवलेली पोरं सोडली तर कोणाला एक शब्द कळला नाही, आणि कोणी हललं नाही. गाणं संपून तबकडी नुसतीच फिरत राहिली, तरी कितीतरी वेळ मी सुई उचलली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी नोरा आली. स्टेशनावर मीच उतरवून घ्यायला गेलो होतो. रडून झाल्यावर तिनं विचारलं, 'गाणं लावलं होतं?'

'हाव.'

'उभे राह्यले?'

'हाव, सारे.'

'अन् मंग?'

'मंग कोणी बसलंच नाही, बाई,' मी म्हटलं. 'पुरं ऐकलं.'